गावठी कोंबडी महाग, गावठी गाणं स्वस्त

दादरच्या मंडईत गावठी अंडी मागितली की विकणारा आधी तुमच्याकडे नीट बघून घेतो. मग भाव सांगतो. साध्या अंड्याच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. आपण घासाघीस न करता देतो, कारण 'गावठी' म्हणजे चव, कस, भेसळ नाही. गावठी कोंबडी, गावठी तूप, गावठी लसूण, गावठी केळी. हा शब्द जिभेशी आला की पाकीट उघडतं.

आता हाच शब्द कानाशी आणून बघा. "काय गावठी गाणी ऐकतोस रे!" इथे कस नाही, चव नाही. इथे गावठी म्हणजे खालचं.

हे आठवायचं कारण असं की यंदा गणपतीच्या तोंडावर एका लोकप्रिय मराठी लोकगायकाचा नवा अल्बम आला. नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा त्याच्यावर जाईल, आणि मला बोलायचंय ते ऐकणाऱ्यांबद्दल. म्हणजे तुमच्याबद्दल, माझ्याबद्दल, आणि ऑफिसात माझ्यासोबत डबा खाणाऱ्या पाच जणांबद्दल.

माझं ऑफिस लोअर परळला आहे. काचेची इमारत, खाली कॉफीचं दुकान. तिथे आधी मिल होती, हे वेगळं सांगायला नको. त्या भागात कुठेही उभे राहिलात तरी पायाखाली मिलच असते. मी तिथून चालत पंधरा मिनिटांवर, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीत लहानाचा मोठा झालो. तर डबा खाताना अल्बमचा विषय निघाला आणि निकाल धडाधड लागले. एक म्हणाला, "पूर्वीसारखा राहिला नाही तो. आता सगळं बाजारू." दुसरी म्हणाली, "हे लोकसंगीत थोडंच आहे? सिंथेसायझर आहे नुसता." तिसऱ्याने समजूतदारपणे मान डोलावली, "गणपतीत नाचायला ठीक आहे." चौथा म्हणाला, "फारच गावठी." पाचवा काही बोलला नाही, कारण तो जेवत होता. खरं सांगायचं तर त्याचंच मत सगळ्यात प्रामाणिक होतं, कारण अल्बम पूर्ण कुणीच ऐकला नव्हता. मी विचारलं. कुणी दोन गाणी, कुणी एका गाण्याचे तीस सेकंद.

आमच्या टीममध्ये कुणी बग नोंदवला तर आम्ही तीन प्रश्न विचारतो. नेमकं काय बिघडलं? कुठे? काय व्हायला हवं होतं? "ॲपमध्ये पूर्वीसारखी मजा नाही" असा बग कुणी टाकला तर तो दोन मिनिटांत बंद होतो. गाण्याच्या बाबतीत मात्र असलाच बग आयुष्यभर उघडा ठेवायची आपल्याला मुभा आहे. म्हणून एकेक निकाल तपासून बघू.

पहिला निकाल: हे अस्सल नाही

'अस्सल' म्हणजे नक्की कधीचं? तारीख सांगा, मी तिथपर्यंत मागे जायला तयार आहे.

पेटीपासून सुरू करू. भजन, कीर्तन, लोकनाट्य, कव्वाली, पेटीशिवाय काही हलत नाही. आज कुणी पेटी घेऊन बसला की आपल्याला अगदी मातीतलं वाटतं. पण ती युरोपातून आली. ती इतकी 'परकी' मानली गेली की १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षं! त्या काळातही शुद्धतेची काळजी वाहणारे जाणकार श्रोते होते, फक्त त्यांच्या हातात सरकारी खुर्ची होती. पुढे बाळकृष्ण केसकर नावाचे आपलेच एक पुणेकर मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले आणि १९५२ च्या सुमारास त्यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार केली. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. शेवटी १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारलाच सिनेमाची गाणी परत आणावी लागली. त्याच स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घातली होती आणि नंतर अटी घालून ती उठवली होती. म्हणजे ज्या तमाशाला आज आपण 'वारसा' म्हणून टाळ्या वाजवतो, तो तेव्हाच्या अभिरुचीच्या राखणदारांच्या मते बंद करण्याच्या लायकीचा होता.

आता लालबागचा आवाज घ्या. आगमनाच्या दिवशी भारतमाता सिनेमासमोर उभं राहिल्यावर छातीत शिरतो तो बेंजो. बेंजो पार्टी म्हणजे आमच्या गिरणगावाची सही. हा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तंतुवाद्य, बुलबुलतरंग, पुढे त्याला पिकअप लावून कर्ण्यात सोडलेलं. त्याचा पूर्वज जपानी आहे. ताइशोगोतो नावाचं ते वाद्य नागोया शहरात १९१२ साली तयार झालं. जपानमधल्या एका माणसाने टाइपरायटर बघून वाद्य बनवलं आणि आमच्या वाडीतल्या पोरांनी त्यावर कोळीगीत वाजवलं. तुम्ही त्याला अस्सल लालबाग म्हणता. मीही म्हणतो. अस्सल होण्यासाठी जुनं असावं लागत नाही, वापरून वापरून आपलं करावं लागतं.

शब्दांचंही तेच. वामनदादा कर्डक हे आंबेडकरी जलशांच्या परंपरेतलं केवढं मोठं नाव. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत आला, शिवडीच्या बीडीडी चाळीत मोठ्या वयात अक्षरओळख करून घेतली आणि हजारो गाणी लिहिली. १९४३ साली त्यांच्या गीतलेखनाची सुरुवात झाली ती एका हिंदी सिनेगीताच्या विडंबनातून. सिनेमाच्या चालीवर स्वतःचे शब्द! आज कुणी तसं केलं तर आमचा डब्याचा कंपू काय म्हणेल ते मी वर लिहिलंच आहे.

हा रोग फक्त आपल्याला झालेला नाही. अमेरिकेत गावाकडच्या गोऱ्या माणसाचं संगीत म्हणून 'कंट्री' ओळखलं जातं. २०१९ साली लिल नॅस एक्स या काळ्या पोराचं गाणं बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढून टाकलं, त्यात कंट्रीचे पुरेसे गुण नाहीत म्हणून. २०२४ साली बियॉन्सेने 'काऊबॉय कार्टर' आणला. नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक असोसिएशनने तिला एकही नामांकन दिलं नाही; पुढच्या फेब्रुवारीत ग्रॅमीने त्याच अल्बमला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम ठरवलं, शिवाय वर्षाचा सर्वोत्कृष्ट अल्बमही. गंमत अशी की ज्या बँजोशिवाय कंट्री अपुरं वाटतं, तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वाद्यातून आलेला आहे. ज्यांचं वाद्य, त्यांच्याच नातवंडांना दारात अडवून विचारायचं, "तुम्ही इथले का?"

अस्सलपणाचा प्रश्न विचारणारा बहुतेक वेळा दारात उभा असतो. आत कुणाला घ्यायचं हे त्याला ठरवायचं असतं. गाणं ऐकायला तो आलेलाच नसतो.

आमच्या दहा बाय बारामध्ये

माझे आजोबा संगमेश्वराकडून पन्नासच्या दशकात मुंबईत आले आणि मिलमध्ये चिकटले. त्यांच्या लेखी शाहीर एकच, अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना ते जायचे. सभेत नेते बोलायच्या आधी शेख गायचे आणि माइक नसला तरी शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायचा, हे आजोबा इतक्यांदा सांगायचे की ते माझंच बालपण असल्यासारखं वाटतं. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं होतं. आजोबा त्यातलं राजकारण फार बोलायचे नाहीत. ते फक्त आवाज सांगायचे.

१९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. माझे वडील तेव्हा सोळा वर्षांचे. घरात पगार यायचा थांबला तसे ते एका बेंजो पार्टीत घुसले. आधी खुळखुळा, मग ढोलकी, मग बेंजो. लग्नाची वरात, हळद, गणपती, नवरात्र. मिळेल ते पैसे आजीच्या हातात. पुढे कुरिअर कंपनीत नोकरी लागली तरी सीझनमध्ये ते वाजवतच राहिले. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीमध्ये एका नवरात्राचे नऊ दिवस आहेत, हे मला नंतर कळलं.

तर वडिलांनी पहिल्या कमाईतून जुना टेपरेकॉर्डर आणला आणि प्रल्हाद शिंदे यांची कॅसेट लावली. आजोबा म्हणाले, "हा यंत्रातला शाहीर. शाहीर समोर उभा पाहिजे, त्याचा घाम दिसला पाहिजे." काही वर्षांनी वडिलांनी आनंद शिंदेंची 'नवीन पोपट'ची कॅसेट आणली, तेव्हा आजोबा टेपरेकॉर्डर बंद करून गॅलरीत जाऊन बसले. आता वडिलांची पाळी आहे. मी यंदाचा तो नवा अल्बम ब्लूटूथ स्पीकरवर लावला. वडिलांनी पहिलं गाणं पूर्ण ऐकलं, दुसरं पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "प्रल्हाददादांची सर नाही."

म्हणजे आमच्या एका खोलीत तीन पिढ्या आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच: आमच्या वेळचं ते खरं. आजोबांना कॅसेट नकली वाटली, वडिलांना सीडी, वडिलांच्या मित्राला पेन ड्राइव्ह. उद्या मलाही काहीतरी नकली वाटेल. मग डब्याच्या कंपूत आणि माझ्या वडिलांत फरक काय?

फरक पुढच्या वाक्यात होता. मी वडिलांना विचारलं, "का? काय कमी आहे?" ते म्हणाले, "श्वास ऐकू येत नाही. लांब ओळ घेतली की माणूस श्वास घेतो. तो श्वास ऐकला की आपल्याला कळतं आता हा पुढची ओळ उचलणार, मग ढोलकीवाला हात तयार ठेवतो. ह्यात श्वास कापून टाकलेत. ढोलकी कुणाच्या भरवशावर वाजतेय तेच कळत नाही." मी गाणं पुन्हा लावलं. खरंच, श्वास नव्हता. मिक्सिंग करताना कुणीतरी सफाईने पुसला होता.

याला म्हणतात मत. नेमकं काय बिघडलं, कुठे, आणि काय व्हायला हवं होतं. वडिलांनी निकाल दिला, पण आधी दोन गाणी पूर्ण ऐकली आणि कारण सांगितलं. शिवाय त्या रात्री झोपताना पुन्हा तोच अल्बम लावायला सांगितला. घरातल्या माणसाची तक्रार अशी असते. भाजीत मीठ कमी आहे म्हणतो आणि दुसऱ्यांदा वाढून घेतो.

दुसरा निकाल: गणपतीत ठीक आहे

'गणपतीत ठीक आहे' हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं, कारण ते मी स्वतः वापरलंय.

अकरावीपर्यंत माझ्या फोनमध्ये आनंद शिंदे, मिलिंद शिंदे, विठ्ठल उमप, कोळीगीतं, सगळं होतं. इंजिनिअरिंगला गेलो. वर्गात कुणीतरी माझा फोन हातात घेतला, गाण्यांची यादी वाचली आणि हसला. वाईट हेतूने नव्हे, सहज. मी म्हणालो, "अरे, गणपतीतली राहिलीत ती." त्या रात्री लोकलमध्ये बसून मी सगळी डिलीट केली. चिंचपोकळीला उतरलो तेव्हा खाली पुलाजवळ वडिलांची पार्टी कुणाच्या तरी वरातीत वाजवत होती. मी दुसऱ्या बाजूने घरी गेलो.

त्या वाक्यात काय काय दडलंय ते बघा. गणपतीत ठीक आहे म्हणजे नाचायला हे संगीत चालेल, पण ऐकायला नाही. रस्त्यावर चालेल, घरात नाही. वर्षातले दहा दिवस आम्ही तुमच्यासारखे होऊ, अकराव्या दिवशी विसर्जन.

आता एक गोष्ट. २००६ साली 'जत्रा' सिनेमा आला. त्यात अजय-अतुल यांचं 'कोंबडी पळाली' होतं, आवाज आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचा. गावठी म्हणजे किती गावठी! ज्यांनी ते गणपतीत नाचून घेतलं त्यांनीच ते टपोरी ठरवलं. २०१२ साली त्याच संगीतकारांनी तीच चाल हिंदी 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' म्हणून दिली. श्रेया घोषाल गायल्या, कतरिना कैफ नाचली. त्याबरोबर ते गाणं जिममध्ये वाजलं, कॉर्पोरेट पार्ट्यांत वाजलं, मिलच्या आवारातल्या पबमध्ये वाजलं. चाल तीच, ठेका तोच. मराठीत कोंबडी होती तोवर गावठी, हिंदीत चमेली झाली की हिट. २०१६ साली 'सैराट'साठी अजय-अतुलनी हॉलिवूडमध्ये जाऊन सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला तेव्हा 'मातीतलं संगीत' म्हणून आपण छाती फुगवली. मला ते संगीत प्रचंड आवडतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे की मातीला मोल यायला आपल्याला व्हायोलिनवाले लागतात. हलगी एकटी वाजली की तिच्याबद्दल पोलिसांना फोन जातो.

ढोल-ताशा पथकांचंही बघा. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत फेटा बांधून, नऊवारी नेसून आयटीतली मुलंमुली ढोल वाजवतात. छान वाजवतात, महिनोन्‌महिने सराव करतात. ती 'संस्कृती' ठरते, तिचे फोटो निघतात. त्याच रस्त्यावर पोट भरायला वाजवणारी बेंजो पार्टी मात्र 'गोंगाट' ठरते. दोन्हींचे डेसिबल मोजले तर मला नाही वाटत फार फरक निघेल. फरक वाजवणाऱ्याच्या पत्त्यात आहे.

आणि पत्त्याच्या पलीकडेही. मंगळवेढ्याच्या मातीतून आलेले प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले. त्यांचा आवाज आजही आषाढीला वाजतो, गणपतीत तर सकाळी पहिला तोच लागतो. माझ्या घरी लागतो, तुमच्याही लागत असणार. मला वीस वर्षं वाटायचं की हे भक्तिगीतवाले. मग एका ६ डिसेंबरला चाळीतल्या समोरच्या खोलीतला मित्र मला दादरला चैत्यभूमीवर घेऊन गेला. शिवाजी पार्कात पुस्तकांचे, कॅलेंडरांचे, सीडींचे स्टॉल. एका स्टॉलवरून ओळखीचा आवाज आला. मी म्हणालो, "अरे, हे तर आपले गणपतीवाले." मित्र माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आमच्याकडे हे भीमगीतवाले. कव्वालीही गायलेत. तुला अर्धाच माणूस माहितीये."

एकाच गॅलरीत, समोरासमोरच्या दोन खोल्यांत, एकच आवाज. आणि मी त्यातला माझ्या सोयीचा अर्धा घेतला होता. विठोबाचं गाणं ऐकायचं, बाबासाहेबांचं आलं की पुढे ढकलायचं. देवाच्या दारात चालणारा आवाज माणूस म्हणून बोलायला लागला की लगेच 'राजकारण' आणि 'गोंगाट'. आपण 'गावठी' म्हणतो तेव्हा कितीदा फक्त गाव म्हणायचं असतं, आणि कितीदा गावातला एक ठराविक भाग, हे ज्याने त्याने रात्री दिवा मालवल्यावर स्वतःला विचारावं. मी विचारलं, उत्तर चांगलं आलं नाही.

"मग काय, सगळंच डोक्यावर घ्यायचं?"

नाही. इथे मला कुणी उलटा पकडेल म्हणून आधीच सांगतो. लोकगायक आहे, खालून वर आलाय, म्हणून त्याचं सगळं गोड, असं म्हणणं हाही अपमानच. लहान मुलाच्या चित्राला आपण छान म्हणतो तसा. बाईला चिडवण्यापलीकडे ज्याला विषय सापडत नाही असं गाणं वाईट आहे, मग त्यात ढोलकी कितीही फक्कड वाजो. स्पीकरच्या भिंती रचून म्हाताऱ्या माणसाची छाती धडधडवणारा डीजे वाईट आहे. त्याने आमच्या बेंजो पार्ट्यांच्या सुपाऱ्याही खाल्ल्या. गळा असताना ऑटोट्यूनचा मुलामा चढवणं वाईट आहे. त्या नव्या अल्बममध्ये सात गाणी आहेत. माझ्या मते दोन टाकाऊ, तीन बरी, दोन अशी की पंचवीस वर्षांनीही वाजतील. टाकाऊ दोन का टाकाऊ, ते मी गायकाच्या तोंडावर सांगू शकेन: एकाची चाल दुसऱ्या कडव्यात संपते आणि गाणं पुढे उगाच चालू राहतं, दुसऱ्यात गाणाऱ्यापेक्षा मागचा कीबोर्ड जास्त बोलतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या कसोटीवर गझल घासता, ज्या कसोटीवर इंग्रजी रॅप घासता, त्याच कसोटीवर हेही घासा. रॅपरने बीट बदलली की 'प्रयोग', लोकगायकाने बदलली की 'बाजारू', असं चालणार नाही. बाजारू हा शब्द तर हसण्यासारखा आहे. शाहीर कधी बाजाराबाहेर होता? लालबागच्या हनुमान थिएटरात मिलची पाळी सुटल्यावर कामगार तिकीट काढून तमाशा बघायचे. फड चालायचा तिकिटावर. गाणाऱ्याने पैसे मागितले की कला बाटते, हा नियम फक्त अशांनाच लावला जातो ज्यांना पैशांची गरज असते.

पैशांवरून शेवटचा मुद्दा, आणि तो अभिरुचीपेक्षा मोठा आहे. 'लोकगीत' म्हटलं की आपण समजतो ते कुणाचंच नाही. कुणाचंच नाही म्हणजे कुणालाच द्यायला नको. गाण्याखाली 'पारंपरिक' असा एक शब्द टाकला की कवी गायब. पण त्यातली कितीतरी गाणी पारंपरिक वगैरे नसतात. कुणीतरी शिवडीच्या, नायगावच्या, घाटकोपरच्या खोलीत कंदिलाजवळ बसून लिहिलेली असतात. कॅसेटच्या काळात गायकाला बहुधा एकरकमी पैसे मिळायचे. कॅसेट दहा खपो की दहा लाख. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटा पक्का झाला, गायकांनाही हक्क मिळाले. पण हक्क मागायला आधी नाव असावं लागतं. ज्याचं नावच आपण 'लोक' असं ठेवलंय, तो कुठल्या रांगेत उभा राहणार?

म्हणून हे गाणं अस्सल आहे का, या प्रश्नाचा मला कंटाळा आलाय. त्याऐवजी दुसरे प्रश्न विचारा. लिहिलं कुणी? चाल कुणाची? ढोलकी कुणी वाजवली? त्याला किती मिळाले? तुमच्या फोनमध्ये गाण्याची माहिती उघडायला दोन टिचक्या लागतात. नाव नसेल तर तिथे तक्रार करा. ती तक्रार उपयोगाची.

आणि निकाल द्यायचाच असेल तर अल्बम संपवून द्या. सात गाणी, अर्धा तास. दादर ते ठाणे धिम्या लोकलने जेवढा वेळ लागतो, त्याहूनही कमी.

परवा डब्याच्या वेळी मी तो अल्बम पुन्हा काढला. या वेळी नुसता बोललो नाही, फोनवर लावला आणि वडिलांचं श्वासाचं म्हणणं सांगितलं. दोघांनी कान दिला. "पूर्वीसारखा राहिला नाही" म्हणणारा म्हणाला, "अरे हो, खरंच कापलाय." मग त्याने मागून प्रल्हाद शिंदे लावले, श्वास कुठे येतो ते ऐकायला. पहिल्यांदाच, गणपती नसताना. चौथ्याने मात्र पुन्हा तेच म्हटलं, "गावठी आहे पण यार."

त्याच्या डब्यात त्या दिवशी अंडा करी होती. मी विचारलं, अंडी कुठली? तो अभिमानाने म्हणाला, "गावठी. आई दादरहून आणते. महाग असतात."